शंभर वॅट आणि सामाईक भिंत

आषाढातल्या एका संध्याकाळी शेजारचे अण्णा ओली छत्री पडवीत उभी करून आत आले आणि टीव्हीखालच्या काळ्या, रुंद पेटीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी वाकून वरच्या जाळीवर तळहात धरला, गरम लागल्यावर मागे घेतला आणि विचारले, "हे किती वॅटचं?" एका चॅनेलला, म्हणजे एका स्पीकरच्या वाटेला, १०५ वॅट आणि असे नऊ चॅनेल, असे मी सांगितले. त्यांनी मनाशी गुणाकार केला असावा, कारण थोडे थांबून ते म्हणाले, "एवढं मोट्टं मशीन आणलीस, आणि आवाज एवढाच काय?" त्या वेळी आई बातम्या बघत होती आणि बाहेरच्या पागोळ्यांपेक्षा निवेदिकेचा आवाज जेमतेम वर होता. अण्णांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उभा जन्म यंत्रासोबत काढलेल्या माणसाला पडलेली ती खरी शंका होती. मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले, पण ते मला स्वतःलाच पुरले नाही. एवढ्या ताकदीचा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवून अनेक स्पीकरांना वाटून देणारा हा ॲम्प्लिफायर, मी का घेतला, आणि त्याच्यासोबत राहताना ती ताकद नेमकी कुठे खर्च होते, हे एकदा नीट लिहून काढावे असे तेव्हापासून वाटत होते.

आमचे घर शहापुरात आहे. मंगळुरी कौले, जाड मातीच्या भिंती, आणि अण्णांच्या घराशी सामाईक असलेली एक भिंत, जिच्या पलीकडे माझ्या लहानपणी माग चालत. बेळगावच्या या भागात, शहापूर-वडगाव-खासबागेत, वाढलेल्या कुणालाही तो आवाज वेगळा सांगावा लागत नाही. खट्-खट् असा तो कानाला लागेच, पण त्याहून जास्त जमिनीतून पायाला लागे. दुपारी पाटावर बसून जेवताना ताटातल्या आमटीवर बारीक वर्तुळे उठत. आवाज भिंतीतून जातो आणि त्यातला जाड भाग सगळ्यांत आधी जातो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी त्या आमटीत पाहिले होते.

वडिलांचा रेडिओ वाल्व्हचा होता. त्याचे उत्पादन असेल तीन-चार वॅटचे, पण हलक्या कागदी कोनाचा मोठा स्पीकर तेवढ्या ताकदीवर पडवी भरून टाकी. धारवाड केंद्र १९५० पासूनचे आणि सांगली केंद्र १९६३ पासूनचे. आमच्या घरी सुई या दोघांच्या मधे फिरत असे. सकाळी कन्नड भावगीते, संध्याकाळी मराठी नाट्यपदे. रात्र चढली की मध्यम लहरींवर दूरदूरची केंद्रे एकमेकांत मिसळत आणि वडील बटणावर दोन बोटे ठेवून, डोळे मिटून, त्या गर्दीतून एक गाणारा गळा शोधून काढीत. आवाज ते कधीच मोठा करत नसत. गर्दीतून हवा तो आवाज स्वच्छ बाहेर यावा, एवढाच त्यांचा आग्रह असे.

मोठ्या आवाजाचे वेड मात्र मला होते, आणि ते मला बाहेरून मिळाले. कॅम्पातल्या ग्लोब टॉकीजमध्ये पडद्यामागून येणारा आवाज छातीवर आदळला, की आपण घरापेक्षा मोठ्या जागी आलो आहोत असे वाटे. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री मी वडिलांचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी राहत असे. ढोलताशे जवळ आले की श्वास ढोलाच्या लयीत चालू लागे. तो आनंद आजही मला परका वाटत नाही. आता त्याच रात्री खिडकीची तावदाने थरथरतात, आई कानात कापूस घालून बसते आणि पहाटेपर्यंत कुणाचा डोळा लागत नाही, हेही तितकेच खरे आहे. या दोन्ही भावना एकाच वेळी माझ्यात नांदतात आणि त्यांतली एक खोडून टाकावी असे मला वाटत नाही.

पुढे डेकचे दिवस आले. गावातले कारागीर लाकडी खोक्यात स्टिरिओ ॲम्प्लिफायर जोडून देत, आणि बाजारातल्या तयार डेकांवर चंदेरी अक्षरांत 'पी.एम.पी.ओ.', म्हणजे क्षणभरापुरती कमाल ताकद, असे लिहून त्यापुढे हजारोंचा आकडा छापलेला असे. त्या मोजणीला कसलेही प्रमाण नव्हते. कंपनीला वाटेल तो आकडा ती छापू शके. वॅटच्या आकड्याकडे संशयाने बघण्याची सवय मला तिथून लागली आणि रिसीव्हर निवडताना ती फार उपयोगी पडली.

कारण आकडे आजही फसवतात, फक्त अधिक सभ्यपणे. एखाद्या खोक्यावर १७० वॅट लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत अटी असतात: ६ ओहम (हा स्पीकरचा विजेला होणारा विरोध), १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एकच चॅनेल चालू. म्हणजे एकच सूर, एकाच स्पीकरवर, कानाला नकोसा होईपर्यंत फाटलेला. दुसऱ्या खोक्यावर १०५ लिहिलेले असते. पण तो आकडा ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात, ०.०८ टक्के विकृतीवर आणि दोन चॅनेल एकाच वेळी चालवून काढलेला असतो. हा दुसरा रिसीव्हर पहिल्यापेक्षा खऱ्या अर्थाने ताकदवान असू शकतो. अमेरिकेत १९७४ साली ॲम्प्लिफायरचे वॅट कोणत्या अटींवर जाहीर करायचे याचा नियम करावा लागला, तो याच कारणाने. आणि नऊ गुणिले १०५ हा अण्णांनी केला तसा गुणाकारही खरा नसतो. सगळे चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर पोसलेले असतात. सगळ्यांनी एकदम मागणी केली, की प्रत्येकाच्या वाट्याला छापील आकड्यापेक्षा बरेच कमी येते. सिनेमात सगळे चॅनेल एकाच क्षणी शिगेला पोहोचण्याची वेळ क्वचित येते, म्हणून हे निभावते. मी दुकानात यंत्र उचलून बघितले, ते साडेबारा किलोंच्या आसपास भरले, आणि ते वजन मला आवडले. ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या हलक्या मिळत नाहीत.

बेळगावात अशी यंत्रे समोर लावून ऐकायला फारशी मिळत नाहीत. कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पुणे साडेतीनशेच्या आसपास, बेंगळूर पाचशेच्या घरात. त्यामुळे आमच्याकडची माणसे लग्नकार्याला जाताना वाट वाकडी करून दुकान गाठतात. मी पुण्याला गेले तेव्हा स्वतःच्या ओळखीचे आवाज सोबत नेले होते: एक तानपुरा, पखवाजाची एक जोरकस उठाण, आणि दोन माणसांचे हळू बोलणे. दुकानातली खोली जाड पडद्यांची आणि गालिच्याची होती; तिथे सगळेच गोड लागत होते. त्यामुळे मी एकाच गोष्टीकडे कान दिला. पखवाजाची थाप पडल्यावर तिच्या मागून चाललेला तानपुरा तसाच अखंड राहतो, की क्षणभर दबतो? कमी ताकदीच्या यंत्रावर आवाज चढवला की तो दबत होता. जास्त ताकदीच्या यंत्रावर थाप मोठी ऐकू आली असे नाही, पण तिच्याखालची तार तुटली नाही.

पैसे मी त्या तारेसाठी मोजले.

यामागचा हिशेब समजून घ्यायला मला आवडला, म्हणून तो इथे मांडते. माझे स्पीकर एका वॅटला एका मीटरवर ८८ डेसिबल देतात. माझी बसण्याची जागा तीन मीटरवर आहे. तेवढ्या अंतरात मोकळ्यावर साडेनऊ डेसिबल कमी होतात, पण खोलीच्या भिंती थोडे परत देतात, तेव्हा हाताशी ८० उरतात असे धरू. साधे बोलणे ६५ च्या आसपास असते, म्हणजे आई बातम्या ऐकते तेव्हा प्रत्येक स्पीकरला लागते एका वॅटच्या तिसाव्या हिश्श्याएवढी ताकद. अण्णांची शंका रास्त होती. पण त्याच खोलीत ढोलाचा एक ठोका १०० डेसिबलला पोहोचायचा असेल, तर त्या एका क्षणापुरते पूर्ण १०० वॅट लागतात. दर १० डेसिबलला दसपट, असा हा जिना आहे. म्हणूनच ८० वॅटचा रिसीव्हर आणि १०० वॅटचा रिसीव्हर यांत फरक पडतो तो जेमतेम एका डेसिबलचा, आणि तेवढ्यासाठी कुणी जास्त पैसे मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मोजायचेच झाले तर ते विद्युतपुरवठ्याच्या दमासाठी, चार ओहमपर्यंत खाली येणारा स्पीकर न गुदमरता चालवण्याच्या क्षमतेसाठी, आणि उद्या वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडता यावा म्हणून मागे दिलेल्या 'प्री-आउट' नावाच्या जोडणीसाठी मोजावेत. ताकद कमी पडली, की लहरीचे शेंडे छाटले जातात. आवाज कर्कश होतो आणि उंच पट्टीचा नाजूक ट्वीटर जळण्याची भीती असते.

हे सगळे मी पुढे कधीतरी अण्णांना कट्ट्यावर बसून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे मागाच्या मोटरीगत की. चालताना थोडंच खाती, पण उठताना दम लागतो." माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा ते वाक्य जास्त नेमके आहे.

यंत्र घरी आल्यावर त्याच्या जागेचा प्रश्न निघाला. आईच्या मनात ते काचेच्या शोकेसमध्ये, भांड्यांच्या शेजारी ठेवायचे होते. ते शक्य नव्हते. अशा ॲम्प्लिफायरने भिंतीतून घेतलेल्या विजेचा मोठा वाटा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि ती वरच्या जाळीतून निघायला मोकळी हवा लागते. शेवटी सुताराकडून सागवानी, मागून उघडा असा ठेंगणा बाक करून घेतला आणि यंत्राच्या डोक्यावर वीतभर जागा सोडली. या उबेचा एक परिणाम आमच्या हवेत हटकून होतो: पावसाळ्यात पाली आणि मुंग्या कोरडी, गरम जागा शोधत तिथे येतात. बारीक नायलॉनची जाळी बाकाच्या मागच्या बाजूला, यंत्रापासून दूर लावली, म्हणजे हवाही अडत नाही. ज्यांचे कोन कागदाचे आहेत त्यांनी आषाढ-श्रावणात स्पीकर बंद ठेवू नयेत. रोज थोडा वेळ वाजवावेत आणि ओल्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावेत, नाहीतर कोनावर पांढरी बुरशी धरते.

विजेचे वागणे वेगळेच. वळीव येण्याआधी आभाळ काळे झाले, की मी आधी प्लग काढते आणि मग इंटरनेटची तार. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. विजेचा लोळ लांब कुठेतरी पडला तरी त्याचा झटका त्या बारीक तारेतून आत येतो, आणि टीव्हीची तार जिथे जोडतात ते एचडीएमआयचे सर्किट असल्या झटक्यापुढे फार कोवळे असते. अर्थिंगचा खड्डा नव्याने खणून, कोळसा आणि मीठ भरून घेतले. सुरुवातीला स्पीकरमधून एक बारीक घुमारा येत असे. केबल टीव्हीची तार काढली की तो जाई, जोडली की परत येई. दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीला पोहोचलेल्या तारांमधून फिरणारा तो प्रवाह होता. तार कायमची काढली आणि घुमारा गेला.

मग मोजणीची सकाळ उजाडली. हल्ली बहुतेक रिसीव्हर स्वतः खोली ऐकतात. या मोजणीच्या सोयीचे नाव कुणाचे ऑडिसी, कुणाचे वायपाओ, कुणाचे डिरॅक. कानाच्या उंचीवर लहानसा मायक्रोफोन उभा करायचा, आणि मग एकेका स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत चढत जाणारी शिट्टी निघते. तेवढा वेळ घरात कुणी हलायचे नाही. मी पहाटेची वेळ निवडली होती, कारण त्यानंतर पाववाला येतो आणि कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हातात चहाचे पातेले धरून उभी होती; ते खाली ठेवले तर आवाज होईल म्हणून तिने ते शिट्ट्या संपेपर्यंत तसेच धरून ठेवले. पडद्यावर अंतरे उमटली तेव्हा मी टेपने ताडून पाहिली. मधल्या स्पीकरचे अंतर बोटभरही चुकले नव्हते. सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर, मात्र खऱ्यापेक्षा हातभर दूर दाखवला होता, आणि तेही बरोबर होते: त्याच्या आतल्या सर्किटमधून आवाज निघायला जो क्षण लागतो, तो यंत्राने अंतर म्हणून धरला होता. यंत्राने इतके बारकाईने ऐकावे, याचा मला त्या पहाटे फार आनंद झाला.

खोली मात्र यंत्राचे सगळे ऐकत नाही. आमची बैठकीची खोली लांबीला १४ फूट आहे. एवढ्या लांबीत ४० हर्ट्झचा सूर स्वतःच्याच परतीच्या लाटेवर उभा राहतो. भिंतीला टेकून बसले की तो फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. पडदे आणि सतरंज्या टाकून उंच पट्टीचा कलकलाट शमतो, पण हा खालचा सूर त्यांना जुमानत नाही. त्यासाठी बसण्याची जागा भिंतीपासून पुढे ओढावी लागली, आणि सबवूफर आधी माझ्या खुर्चीच्या जागी ठेवून, मी भिंतीच्या कडेकडेने रांगत, कुठे तो सगळ्यांत सपाट ऐकू येतो ते शोधले. सर्वांत चांगली जागा नेमकी सामाईक भिंतीच्या कोपऱ्यात निघाली. तिथे तो मी ठेवला नाही. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. तिला आमची मातीची भिंत म्हणजे अडथळाच नव्हे. पलीकडे अण्णांची नात अभ्यासाला बसते. सबवूफर रस्त्याच्या बाजूच्या भिंतीशी गेला, आवाज थोडा कमी सपाट झाला, आणि मी त्यावर समाधानी आहे. रात्री दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यानेच आहे. आम्ही दहाच्या आधीच सबवूफर बंद करतो आणि रात्रीची ती सोय चालू करतो, जिच्यात मोठे आवाज दाबले जातात आणि बारीक वर येतात.

या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग मी ठरवला नव्हता, तो आईने ठरवला. वयाने कान मंदावतात तेव्हा आधी उंच पट्टी जाते, आणि स, श, त, फ ही व्यंजने त्याच पट्टीत राहतात. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. मागाच्या आवाजात आयुष्य गेलेल्या अण्णांचे कानही त्याच पट्टीत अधू झाले आहेत. अशा कानांना सगळा आवाज वाढवून काही मिळत नाही, फक्त पार्श्वसंगीत अंगावर येते. सिनेमात आणि मालिकांच्या बहुवाहिनी ध्वनीत बोलणे प्रामुख्याने मधल्या स्पीकरमधून येते. तो एकटाच तीन डेसिबल वर घेतला, बाकावर किंचित वर कलता ठेवला आणि ८० हर्ट्झखालचे सगळे ओझे त्याच्यावरून काढून सबवूफरकडे दिले. संध्याकाळी अण्णांच्या घरातल्या अक्का आईसोबत कन्नड मालिका बघायला येतात. आईचे माहेर खानापूर तालुक्यातले. कन्नड ती लग्नानंतर याच गल्लीत, अक्कांच्याच तोंडून शिकली. मागून शिकलेली भाषा गोंगाटात आधी निसटते, त्यामुळे पूर्वी ती दर वाक्याला "काय म्हटली ती?" असे विचारी आणि अक्का मराठीत सांगत. आता विचारत नाही. एकदा तर अक्कांच्या हातून निसटलेले वाक्य तिनेच त्यांना कन्नडमधून सांगितले, आणि दोघी किती हसल्या!

माझी स्वतःची वेळ सकाळची. या मातीने गाणारे गळे दिले. कुमार गंधर्व १९२४ साली इथून जवळच, सुळेभावीला जन्मले. जुन्या ध्वनिमुद्रिका लावताना मी यंत्राच्या साऱ्या करामती बंद करते. एकाच मायक्रोफोनसमोर, तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेले ते गाणे नऊ स्पीकरांवर पसरले की त्याचा पाया सुटतो. ते फक्त मधल्या स्पीकरवर लावले तर गायक समोर बसल्यासारखा वाटतो. तेव्हा किती वॅट खर्च होतात? वडिलांच्या रेडिओएवढेही नाहीत.

निपाणीच्या मामेभावाचे नवे घर होते आहे आणि तो मला रोज एका नव्या मॉडेलचे चित्र पाठवतो. "अक्का, अकरा चॅनेलचा घेऊ काय?" मी त्याला यंत्राचे नाव अजून सुचवलेले नाही. आधी खोलीची लांबी-रुंदी मागवली आहे, कारण त्याने आखलेली बैठक जवळजवळ चौरस आहे, आणि चौरस खोलीत लांबीचा सूर आणि रुंदीचा सूर एकाच जागी पडून दुप्पट छळतात; एक भिंत दोन फूट सरकवणे अजून त्याच्या हातात आहे. पैशांतला मोठा वाटा स्पीकरांवर घालायचा, रिसीव्हर दिवाळीला घ्यायचा, असे आमचे ठरले आहे. पण गिलावा त्याच्या आत होणार, म्हणून येत्या रविवारी मी निपाणीला जाते आहे. मधल्या, मागच्या आणि छतातल्या स्पीकरांसाठी इंचभर व्यासाच्या पीव्हीसी नळ्या टाकायच्या, त्या विजेच्या नळ्यांपासून फूटभर लांब ठेवायच्या, आणि प्रत्येकीत तार ओढायला एक सुतळी आधीच सोडून ठेवायची, हे मी गवंड्याला समोर उभी राहून सांगणार आहे.